पुन्हां सायकलवर

पुण्यांतील एका मध्यमवर्गीय घराची गॅलरी डोळ्यांसमोर आणावी. तेथें भिंतीला टेकून एक सायकल उभी आहे आणि तिच्यावर जुनी चादर घातलेली आहे. घरांतील माणसें कपडे वाळत घालावयास त्या बाजूला जातात. पण चादरीकडे कोणी पाहात नाहीं, आणि पाहिलें तरी तिच्याविषयीं बोलत नाहीं. सायकलीचा मालक बँकेंत अधिकारी आहे, वय वर्षें ५२. चाळिशीनंतर त्याला लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांचा नाद लागला होता, आणि २००-३०० किलोमीटरांची मजल त्यानें पांच-सहा वेळां मारली होती. सात महिन्यांपूर्वीं, एका रविवारीं सकाळीं, कात्रजचा घाट चढतांना छातीभोंवतीं कोणी दोर आवळावा तसें त्याला झालें. डावा हात जड झाला. कपाळावर थंड घाम आला. सकाळीं खाल्लेला वडा बाधला असावा, असें म्हणत तो रस्त्याच्या कडेला बसला. बरोबरच्या मित्रांनीं त्याचें ऐकलें नाहीं, हें त्याचें नशीब. दोन तासांच्या आंत तो रुग्णालयांत पोंचला होता, आणि त्याच्या हृदयाला रक्त पुरविणाऱ्या एका धमनींत बारीक जाळी, म्हणजे ज्याला स्टेंट म्हणतात ती, बसविली गेली होती.

हा गृहस्थ कल्पनेंतला आहे. परंतु त्याच्यासारखे गृहस्थ आज आपल्या शहरांतून पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापुढें उभा असलेला प्रश्न मात्र मुळींच कल्पनेंतला नाहीं. ती चादर काढावी, कीं काढूं नये?

घरांत या प्रश्नाला दोन उत्तरें मिळतात. पत्नी म्हणते, "अहो, जीव वांचला एवढें पुरे नाहीं का? आतां ती सायकल नको आणि ते घाट नकोत. घरांत बसून चार पुस्तकें वाचा." मित्र म्हणतात, "अरे, जाळी बसली म्हणजे नळ साफ झाला! आतां तूं पूर्वींपेक्षां जोरांत चालवशील." पत्नीच्या बोलण्यांत माया आहे, मित्रांच्या बोलण्यांत उमेद आहे, म्हणून दोन्ही उत्तरें ऐकावयास बरीं वाटतात. परंतु पहिलें उत्तर भीतीनें दिलेलें आहे आणि दुसरें हौसेनें. आणि हृदय या दोघींपैकीं कोणाचेंच ऐकत नाहीं. त्याला एकच भाषा समजते, ती प्रमाणाची. किती, केव्हां आणि किती वेगानें, एवढेंच तें विचारतें. हें प्रमाण ज्याला शिकतां आलें त्याला लांबचा रस्ता बहुधा पुन्हां मोकळा होतो. ज्याला शिकतां आलें नाहीं त्याला घरची खुर्चीहि धोक्याचीच असते.

भीतीच्या उत्तराला एके काळीं वैद्यकाचा मोठा आधार होता. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं १९१२ सालीं असें दाखवून दिलें कीं, हृदयाच्या धमनींत रक्ताची गुठळी अडकली तरी प्रत्येक रोगी तत्काळ मरतोच असें नाहीं. कित्येक जण वांचतात, आणि हा विकार रोगी जिवंत असतांनाच ओळखतां येतो. मग वांचलेल्यांनीं करावें काय? तर अंथरुणावर पडून राहावें. हृदयाच्या स्नायूचा जो भाग रक्तावांचून मेला, तेथें घट्ट व्रण तयार होण्यास कांहीं आठवडे लागतात. तोंवर त्या जागीं ताण पडूं नये, असा त्यामागील विचार. विचार चुकीचा नव्हता, परंतु त्याचा अतिरेक झाला. रोगी आठवडेच्या आठवडे निश्चल पडून राही. स्नायु वाळत, पायांच्या शिरांत रक्त गोठे, ती गुठळी फुप्फुसांत जाऊन कांहीं जण दगावत. आणि जे घरीं जात ते आपण कांचेचे झालों आहोंत अशा समजुतीनें उरलेलें आयुष्य काढीत.

वास्तविक याच्या पुष्कळ आधीं एक निराळी खूण मिळालेली होती. लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनीं छातींतील या आवळणाऱ्या वेदनेचें पहिलें व्यवस्थित वर्णन १७७२ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांच्या लिखाणांत एका रोग्याची लहानशी नोंद आहे. हा मनुष्य रोज अर्धा तास लांकूड करवतीत असे, आणि तेवढ्यानें त्याची व्यथा जवळजवळ नाहींशी झाली. नोंद एकाच रोग्याची, म्हणून तिला शास्त्र म्हणतां येणार नाहीं. पण तिच्याकडे पुढील दीडशें वर्षांत फार थोड्यांनीं लक्ष दिलें.

वारें फिरलें तें विसाव्या शतकाच्या मध्याला. १९५२ सालीं बॉस्टनच्या सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन या दोघा डॉक्टरांनीं आपल्या रोग्यांना पहिल्या आठवड्यांतच बिछान्यावरून उठवून आरामखुर्चींत बसविण्याची पद्धति मांडली. आज हें ऐकतांना हंसूं येईल. त्या काळीं तें धाडस होतें. खुर्चींत बसलेले रोगी खुर्चींत बसल्यामुळें मेले नाहींत; उलट त्यांचें मनहि सावरलें. पुढच्याच वर्षीं, १९५३ सालीं, लंडनचे डॉक्टर जेरी मॉरिस यांनीं तेथील दुमजली बसगाड्यांच्या नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. चालक आणि वाहक एकाच गाडीवर, एकाच धुरांत, जवळजवळ एकाच पगारावर काम करणारे. फरक इतकाच कीं, चालक दिवसभर बसून असे आणि वाहक दिवसभर जिना चढे-उतरे. हृदयविकार वाहकांत कमी आढळला, आणि आढळला तेथें त्याचें स्वरूपहि सौम्य होतें. जिन्याच्या त्या पायऱ्या कोणी औषध म्हणून लिहून दिल्या नव्हत्या. त्या पोटासाठीं चढल्या जात होत्या, आणि गुण देत होत्या.

त्यानंतरचा प्रसंग साऱ्या जगानें पाहिला. २४ सप्टेंबर १९५५ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना डेन्व्हर येथें हृदयविकाराचा झटका आला. तेव्हां ते ६४ वर्षांचे होते. आदल्या दिवशीं गोल्फ खेळतांना त्यांना अपचन झाल्यासारखें वाटलें होतें, आणि त्यांनींहि दोष जेवणांतल्या कांद्याला दिला होता. कात्रजच्या रस्त्यावरील वडा काय किंवा डेन्व्हरचा कांदा काय, हृदयाचें दुखणें पुष्कळदां पोटाचा वेष घेऊन येतें, हें या दोन्ही गोष्टींवरून प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवावें. अध्यक्षांना पाहण्यासाठीं बॉस्टनहून डॉक्टर पॉल डडली व्हाइट यांना बोलावण्यांत आलें. व्हाइट हे स्वतः पायीं चालणारे आणि सायकल वापरणारे. मनुष्याला त्याच्या कामावर परत पाठविणें हाच उपचाराचा हेतु, असें मानणारे. आयसेनहॉवर कामावर परत आले, १९५६ सालची निवडणूक त्यांनीं जिंकली, आणि पुढें आणखी झटके आले तरी त्या पहिल्या झटक्यानंतर तेरा वर्षांहून अधिक जगले. बॉस्टनमध्यें चार्ल्स नदीच्या कांठीं सायकलींसाठीं केलेल्या एका मार्गाला पुढें व्हाइट यांचें नांव देण्यांत आलें. हृदयाच्या वैद्याचें स्मारक सायकलच्या रस्त्यावर असावें, यांत एक सुंदर औचित्य आहे.

येथवर हौसेची बाजू जिंकली असें वाटेल. पण हृदय काम कसें करतें तें पाहिलें म्हणजे त्या बाजूचाहि उत्साह थोडा थंडावतो. हृदय हा मुठीएवढा स्नायु. शांत बसलेल्या माणसांत तो मिनिटाला सुमारें ७० वेळां, म्हणजे दिवसाला सुमारें १ लाख वेळां आकुंचन पावतो आणि दर मिनिटाला सुमारें ५ लिटर रक्त पुढें ढकलतो. घाट चढूं लागतांच पायांचे स्नायु प्राणवायूची मागणी करूं लागतात, आणि निरोगी माणसांत हेंच प्रमाण १५ ते २० लिटरांवर जातें. आतां गंमत अशी कीं, हृदय साऱ्या शरीराला रक्त वाटतें तें आकुंचन पावतांना. पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला, विशेषतः डाव्या बाजूला, रक्त मिळतें तें मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसांव्यांत. ठोके वाढले कीं हा विसांवा आंखुडतो. म्हणजे एकीकडे काम वाढतें आणि दुसरीकडे जेवणाची सुटी कमी होते. धमनी रुंद असेल तर हें निभावतें. चिंचोळी असेल तर स्नायु उपाशी राहतो, आणि छाती आवळल्याची वेदना हीच त्याची हांक असते.

नियमित व्यायाम येथेंच उपयोगीं पडतो, आणि त्याची रीत मोठी शहाणपणाची आहे. सराव झालेले पायांचे स्नायु रक्तांतला प्राणवायु अधिक चांगल्या रीतीनें काढून घेण्यास शिकतात. त्यामुळें तोच रस्ता, त्याच वेगानें, कमी ठोक्यांत कापतां येतो. ठोके कमी म्हणजे विसांवा मोठा. आणि विसांवा मोठा म्हणजे हृदयाची जेवणाची सुटी मोठी. शिवाय रक्तदाब, रक्तांतील साखर, वजन आणि मनाची उदासी या सर्वांवर व्यायामाचा चांगला परिणाम होतो. मात्र जाळी बसविल्यानें धमन्या नव्या झाल्या, ही समजूत खोटी आहे. १९७७ सालीं झुरिच येथें आन्द्रेआस ग्रुंट्झिग यांनीं धमनींत बारीक फुगा फुगवून ती रुंद करण्याची पहिली क्रिया केली, आणि पुढें त्यांतूनच जाळी बसविण्याची पद्धति निघाली. तिनें असंख्य प्राण वांचविले. पण ती एका ठिकाणचा अडथळा दूर करते. धमन्यांच्या भिंतींत मेद सांचण्याची प्रवृत्ति सर्वत्र तशीच राहते. गळक्या छपराचें एक कौल बदललें म्हणून सारें छप्पर नवें होत नाहीं.

तेव्हां आपला गृहस्थ काय करतो? पहिल्या महिन्यापासून तो डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें चालतो आहेच. आरंभीं दहा मिनिटें, मग वीस, आतां पाऊण तास. सातव्या महिन्यांत तो डॉक्टरांकडे जाऊन मनांतली गोष्ट बोलतो. डॉक्टर त्याच्यावर रागावत नाहींत आणि पाठहि थोपटत नाहींत. ते त्याला चालत्या पट्ट्यावर चालवून, वेग आणि चढ वाढवीत, हृदयाचा विद्युत्-आलेख पाहतात. हृदयाचा स्नायु किती जोरानें आकुंचन पावतो तें ध्वनिलहरींच्या यंत्रानें तपासतात. मग म्हणतात, "सायकलला हरकत नाहीं. पण ती तुमची जुनी सायकल नव्हे, असें समजून बसा."

या वाक्याचा अर्थ त्याला हळूहळू कळतो. औषधाचीच गोष्ट घ्या. हृदयाचे ठोके आवरून धरणारी एक गोळी तो रोज घेतो. जुन्या सवयीनें त्याला वाटतें कीं, २२० मधून वय वजा करावें, म्हणजे १६८ हा आपल्या ठोक्यांचा कमाल आंकडा, आणि त्याच्या प्रमाणांत जोर लावावा. पण गोळी घेणाऱ्या माणसाचें हृदय त्या आंकड्यापर्यंत जाऊंच शकत नाहीं, आणि तेथें पोंचण्याचा हट्ट धरणें म्हणजे लगाम घातलेल्या घोड्याला चाबूक मारण्यासारखें आहे. त्यापेक्षां साधी कसोटी बरी: सायकल चालवितांना शेजारच्याशीं पुरें वाक्य बोलतां यावें, पण गाणें म्हणतां येऊं नये. गातां येत असेल तर वेग थोडा वाढविण्यास हरकत नाहीं. वाक्य मध्येंच तुटत असेल तर कमी करावा. दुसऱ्या गोळ्या रक्ताची गुठळी होऊं न देणाऱ्या. त्या आपल्या मर्जीनें बंद केल्या तर जाळींतच गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून त्यांना हात लावावयाचा तो डॉक्टरांनींच. आणि त्या चालू असतां पडून मार लागला तर रक्त लवकर थांबत नाहीं, म्हणून डोक्यावर हेल्मेट घातल्यावांचून फाटकाबाहेर पडावयाचें नाहीं.

आणखी कांहीं नियम तो वहींत लिहून ठेवतो. आरंभीं पंधरा मिनिटें अगदीं सावकाश. चढ संपल्यावर एकदम थांबून उभें राहावयाचें नाहीं, कारण रक्त पायांत सांचून भोंवळ येते. थोडा वेळ पाय हलके फिरवीत राहावयाचें. भरल्या पोटीं घाट नाहीं. चैत्र-वैशाखाच्या उन्हांत लांबची फेरी नाहीं, कारण उन्हांत हृदयाला पायांबरोबर कातडीलाहि रक्त पुरवावें लागतें. एकट्यानें दूर जावयाचें नाहीं. खिशांत औषधांची यादी आणि घरचा दूरध्वनि क्रमांक. छाती, जबडा किंवा हात यांत आवळल्यासारखें वाटलें, दम नेहमींपेक्षां निराळा लागला, भोंवळ आली, ठोके अडखळले, तर त्याच क्षणीं उतरून बसावयाचें, डॉक्टरांनीं जिभेखालीं ठेवण्यास दिलेली गोळी सांगितल्याप्रमाणें घ्यावयाची, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावयाची. 'थोडें पुढें जाऊन पाहूं' हें वाक्य वहींत लाल शाईनें खोडून ठेवलेलें आहे.

अशा रीतीनें एका सकाळीं चादर निघते. पहिली फेरी सपाट रस्त्यावरची, वीस मिनिटांची. पत्नी गॅलरींत उभी असते. स्वयंपाकघरांत दूध उतूं जातें. तो परत येतो तेव्हां ती घड्याळाकडे पाहून एवढेंच म्हणते, "वीस मिनिटें म्हणालां होतां, एकोणिसाव्याला आलांत. असेच येत जा." त्या वाक्यांत परवानगी आहे आणि अटहि आहे. घरांतल्या माणसाचें दुखणें हें एकट्याचें कधींच नसतें. ज्यानें तें भोगलें त्याला त्या दिवसाच्या वेदना आठवतात, पण जी रुग्णालयाच्या बांकावर बसून होती तिला त्या दिवसाचा प्रत्येक मिनिट आठवतो. परत फिरण्याची वेळ पाळणें हा तिच्या भीतीला द्यावयाचा एकच प्रामाणिक जबाब असतो.

महिने जातात. वीस मिनिटांचा तास होतो, तासाचे तीन होतात, आणि मग लांबच्या फेरीचा विषय निघतो. हृदयाला जपणाऱ्या माणसाला येथें एक जुनी संस्था नकळत साह्य करते. ती म्हणजे फ्रान्समध्यें जन्मलेली 'ब्रेव्हे'ची पद्धति. ब्रेव्हे म्हणजे प्रमाणपत्र. पॅरिसचा ऑडॅक्स क्लब ज्या फेऱ्यांवर १९२१ सालापासून देखरेख ठेवीत आला आहे, त्या आज पुणें-मुंबईसह आपल्याकडील अनेक शहरांत होतात, आणि सायकलवाले त्यांना 'बीआरएम' म्हणून ओळखतात. २०० किलोमीटरांस १३ तास ३० मिनिटें, ३०० स २० तास, ४०० स २७ तास, ६०० स ४० तास, अशी मुदत असते. मधल्या ठाण्यांवर कार्डावर शिक्का घ्यावयाचा. यांत पहिला-दुसरा नंबर नाहीं, बक्षीस नाहीं. शिवाय एक नियम असा कीं, फार लवकर पोंचणाऱ्याचेंहि कौतुक नाहीं. प्रत्येक ठाणें ठराविक वेळेच्या आधीं उघडत नाहीं, आणि २०० किलोमीटर ५ तास ५३ मिनिटांच्या आंत पुरे केलेले मानले जात नाहींत. वेगाला खालची मर्यादा आहे आणि वरचीहि आहे. प्रमाणाची जी भाषा हृदयाला समजते, तीच या नियमांनीं कागदावर उतरविली आहे.

याच फ्रान्समध्यें, सेंत-एतिएन गांवीं, पॉल द व्हिव्ही नांवाचे एक गृहस्थ होऊन गेले (१८५३–१९३०). 'व्हेलोसिओ' या टोपणनांवानें ते लिहीत. डोंगरांत सायकल चालवावयाची तर चढाला हलकें आणि उताराला जड असें गिअर पाहिजे, हा त्यांचा आग्रह. उलट, 'तूर द फ्रान्स' या सुप्रसिद्ध शर्यतीचे पुढारी आंरी देग्रांज यांनीं १९०२ सालीं लिहिलें कीं, असलीं साधनें पंचेचाळिशी उलटलेल्यांपुरतीं ठीक. त्या शर्यतींत गिअर बदलण्याचें साधन सर्वांना खुलें झालें तें १९३७ सालीं. देग्रांज यांनीं टोमणा मारला होता. पण पंचेचाळिशी उलटलेल्या माणसानें तो सल्ला म्हणून घ्यावा. हलकें गिअर लावून पाय भराभर पण सैल फिरविले तर दर फेऱ्यामागें लागणारा जोर कमी होतो, आणि चढ हा मारामारीचा विषय राहात नाहीं.

फ्रान्समधलेंच आणखी एक उदाहरण आहे. १९११ सालीं जन्मलेले रोबेर मार्शां यांना तरुणपणीं सायकलपटु म्हणून नांव मिळालें नाहीं. नाना देशांत नाना कामें करून सत्तरीच्या उंबरठ्यावर ते पुन्हां नेमानें सायकल चालवूं लागले. १०० वर्षें उलटल्यावर, २०१२ सालीं, त्यांनीं एका तासांत २४.२५ किलोमीटर अंतर कापलें. दोन वर्षांनीं, १०२ वर्षांच्या वयांत, २६.९२७ किलोमीटर, आणि २०१७ सालीं, १०५ व्या वर्षीं, २२.५४७ किलोमीटर. मधल्या काळांत शास्त्रज्ञांनीं त्यांना पद्धतशीर सराव दिला, तेव्हां त्यांच्या शरीराची प्राणवायु वापरण्याची शक्ति त्या वयांतहि वाढली. २०२१ सालीं, १०९ व्या वर्षीं, ते वारले. मार्शां यांना हृदयविकार नव्हता, म्हणून त्यांचे आंकडे कोणी आपल्या भिंतीवर लावूं नयेत; पण उशीरा केलेला आरंभ हाहि आरंभच असतो, एवढें त्यांच्यापासून घेण्यास हरकत नाहीं.

आणि अति तेथें माती, हेंहि विसरूं नये. स्वीडनमध्यें बर्फावरील ९० किलोमीटरांची 'व्हासालोपेट' नांवाची जुनी शर्यत आहे. तिच्यांत भाग घेतलेल्या ५२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. अधिक शर्यती पुऱ्या करणाऱ्यांत आणि अधिक वेगानें जाणाऱ्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचें प्रमाण जास्त आढळलें. यावरून व्यायाम वाईट ठरत नाहीं. बसून राहणें त्याहून कितीतरी वाईट. ठरतें एवढेंच कीं, थोड्यानें गुण आला म्हणून दसपटीनें दसपट गुण येत नाहीं.

झटक्याला दोन वर्षें होत आलीं असतां, डॉक्टरांच्या संमतीनें, आपला गृहस्थ २०० किलोमीटरांच्या फेरीला निघतो. पुण्याहून शिरवळ, खंबाटकीचा घाट, सुरूर, वाई, पसरणीचा घाट चढून पांचगणी, आणि परत. पहाटे गारवा असतो. शिरवळपर्यंत तो आपल्या बेतानें जातो. तेथें पंचविशीतलीं चार मुलें भेटतात, गप्पा निघतात, बोलतां बोलतां त्यांच्या मागें त्यांचा वेग त्याला लागतो. खंबाटकीच्या चढावर गप्पा बंद पडतात. वाक्य तुटूं लागलें आहे, हें त्याला कळतें. पण मुलें पन्नास पावलांवर आहेत, आणि माणसाचा मान कोठें राहतो तें सांगतां येत नाहीं. घाटमाथ्याजवळ छातींत, अगदीं हलकें, कोणीं बोट टेंकावें तसें होतें.

दोन वर्षांपूर्वींचा तो असता तर म्हणाला असता, थोडें पुढें जाऊन पाहूं. आज तो उतरतो, कडेच्या दगडावर बसतो, गोळी जिभेखालीं ठेवतो, १०८ ला आणि मग घरीं दूरध्वनि करतो. मुलें मागें फिरून त्याच्याजवळ थांबतात. पांच मिनिटांत छाती मोकळी होते. तरीहि रुग्णवाहिका आल्यावर तो तींत बसून रुग्णालयांत जातो. तपासणींत नवा अडथळा सांपडत नाहीं. तेवढ्या चढाला तो वेग त्याच्या हृदयाला जास्त झाला, असें डॉक्टर सांगतात, एका औषधाचें प्रमाण बदलतात, आणि विचारतात, "उतरलांत केव्हां?" तो सांगतो, "लगेच." डॉक्टर म्हणतात, "मग तुम्हांला सायकल येऊं लागली."

पांच महिन्यांनीं, हिंवाळ्यांत, डॉक्टरांनीं पुन्हां तपासून होकार दिल्यावर, तो त्याच रस्त्यानें पुन्हां जातो. खंबाटकींत तरुण मुलें पुढें निघून जातात. तो त्यांना हात करतो. पसरणीच्या दोन वळणांवर उतरून तो चक्क चालतो. ब्रेव्हेचे नियम तसें करूं देतात. सुरूरजवळ अंधार पडतो, वारा समोरून असतो. शेवटच्या ठाण्यावर कार्डावर शिक्का पडतो तेव्हां १३ तास १० मिनिटें झालेलीं असतात. वीस मिनिटें राखून. बहुतेक सर्व जण त्याच्या आधीं पोंचलेले आहेत, आणि त्याला त्याचें कांहीं वाटत नाहीं.

पण त्याच्या दोन फेऱ्यांपैकीं मोठी कोणती, असें विचारलें तर पत्नी पहिलीचें नांव घेते. दुसरीनें त्याला एक कागद मिळाला. पहिलीनें तिला झोंप मिळाली. जो मनुष्य अर्ध्या घाटांत उतरूं शकतो, त्याला घाटांत पाठवावयास घरचें कोणी भीत नाहीं.

ती जुनी चादर अजूनहि गॅलरींतल्या सायकलीवर असते. आतां ती धुळीसाठीं असते.